पोळपाटाएवढी बॅट आणि रेषेवरचा चेंडू



मागचे दोन लेख बर्फातले होते. त्यावर एका माजी सैनिक बंधूंनी लिहिलं, "सुभेदार साहेब, आता पीस स्टेशनला आहात ना? मग तिथलं काहीतरी लिहा, बर्फ पुरे झाला." तर हा लेख महूचा.

महू म्हणजे इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरची छावणी. सरकारी कागदावर 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर, पण फौजी माणसाच्या तोंडात अजून महूच. मराठी जवान इथं पोस्टिंगवर आला की सामान उतरवून झाल्यावर पहिल्या रविवारी भीम जन्मभूमीवर जाऊन येतो. मीही गेलो होतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेतले सुभेदार, लष्करी शाळेत शिकवायचे, आणि बाबासाहेबांचा जन्म 1891 साली इथंच झाला. आपणही सुभेदार, आपलीही पोस्टिंग शिकवण्याचीच, म्हणून छाती जरा फुगली होती. ती पुढं कशी खाली आली ते सांगतो.

तुमच्यापैकी जे माझ्याबरोबर पलटणीत होते त्यांना ठाऊक आहे की मी व्हॉलीबॉलचा माणूस. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, हायस्कूलच्या मैदानावर दोन बांबू रोवून जाळं बांधायचो. भरती झाल्यावर पलटणीच्या टीममध्ये सतरा वर्षं स्मॅशर म्हणून खेळलो. 2.43 मीटरच्या नेटवरून कोपरापर्यंत हात बाहेर काढून मारायचो. इंटर-कंपनी फायनलला माझा स्मॅश तोंडावर बसून समोरच्या कंपनीचा एक भिडू एम.आय. रूमला गेला होता. त्याची गोष्ट मी किती बडा खान्यांत सांगितली असेल याचा हिशेब नाही.

2019 मध्ये अरुणाचलात पेट्रोलवरून परतताना उतारावर पाय घसरला. पडलो काही फार नाही, पण बूट दगडात अडकला आणि शरीर फिरलं. उजव्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, आतली गादीही फाटली. ऑपरेशन झालं, सहा महिने गेले, आणि शेप-वनचा माणूस लो मेडिकल कॅटेगरीत आला. उडी मारणं बंद, धावणं बंद, पाठीवर वजन बंद. बोर्डाच्या कागदावर ते तीन-चार शब्दांत असतं. पण रोज साडेचारला गेम्सची शिट्टी वाजते तेव्हा त्या शब्दांचा अर्थ कळतो.

सुरुवातीला मी व्हॉलीबॉल ग्राउंडवर पंच म्हणून उभा राहायचो. मग एक दिवस पावसाळी हवेत लंगडत आलो तेव्हा मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "साब का घुटना आ गया, अब बारिश पक्की." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून गेम्सच्या वेळेला मला ऑफिसात महत्त्वाचं काम निघू लागलं. घरी आलो की चिडचिड. भाजीत मीठ कमी, टी.व्ही.चा आवाज जास्त, पोरीचा अभ्यास कमी. आमची सौ. एकदा म्हणाली, "अहो, पेन्शनला अजून अवकाश आहे. आत्तापासूनच का म्हातारे होताय?" मी उत्तर दिलं नाही.

अशा दिवसांत आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये पिकलबॉल आला. सुट्टीवरून परतताना एका तरुण कॅप्टन साहेबांनी चार पॅडल आणि डझनभर चेंडू आणले. बॅडमिंटनच्याच कोर्टावर पिवळ्या टेपने दोन नव्या रेषा मारल्या, नेट खाली उतरवलं आणि जाहीर केलं की रोज साडेपाचनंतर हॉल फॅमिलीसाठी खुला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. भोकं पडलेला प्लास्टिकचा चेंडू, हातात पोळपाटाएवढी बॅट आणि कमरेएवढं नेट. मी सौ.ला म्हणालो, "फौजेला आता हेच बघायचं राहिलं होतं." तिनं फक्त "हं" केलं.

मला खेळायला लावलं ते दहावीतल्या लेकीनं. एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, चौथा माणूस नाहीये. तुम्ही नुसते उभे राहा, मी सगळे बॉल घेईन." नुसतं उभं राहा हे वाक्य मला झोंबलं. मी कॅनव्हासचे बूट शोधायला लागलो.

समोर होते आमच्या ऑफिसातले केरळचे हवालदार क्लार्क आणि एका नायकाची मणिपुरी बायको. बाई दिसायला एवढीशी, पण शाळेत बॅडमिंटन खेळलेली. पहिला गेम आम्ही 11-2 हरलो. त्या अकरांतले सात पॉइंट तरी एकट्या माझ्या नावावर जमा करा. चेंडू समोर आला की माझा हात आपोआप खांद्याच्या वर जायचा आणि जीव खाऊन मारायचा. चेंडू मागच्या भिंतीवर. एकदा तर छताच्या पंख्यावर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सचंच माप. नेट कडेला 36 इंच आणि मध्ये 34. सर्व्हिस कमरेच्या खालून, हात खालून वर आणत आणि तिरक्या कोपऱ्यात. सर्व्हिसचा एक टप्पा पडू द्यायचा, समोरून परत आलेल्या चेंडूचाही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतरच चेंडू हवेत मारायची परवानगी. गेम अकराचा, दोनच्या फरकानं जिंकायचा, आणि जुन्या पद्धतीत पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. डबल्सला स्कोअर तीन आकड्यांत सांगतात, आपला, त्यांचा आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा. सुरुवातच होते शून्य-शून्य-दोननं. हवालदार साहेबांनी तो आकडा पहिल्यांदा पुकारला तेव्हा मला वाटलं वायरलेसवर कुणाला तरी बोलावतायत.

आणि खरी गंमत नेटजवळ. नेटपासून दोन्हीकडे सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. किचनमध्ये उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही. टप्पा पडला असेल तर आत जा, मारा आणि बाहेर या. बाहेर उभं राहून हवेत मारलात पण झोकात पाय आत पडला, तरी फॉल्ट. माझं सगळं आयुष्य नेटला चिकटून मारण्यात गेलेलं. त्यामुळं दर दोन मिनिटांनी लेक ओरडायची, "पप्पा, किचन!" घरी गेल्यावर तिनं आईला रिपोर्ट दिला तेव्हा सौ. म्हणाली, "अठरा वर्षांच्या संसारात कधी किचनमध्ये पाय ठेवला नाही, आणि आता बाहेर निघेनात!"

खेळ जन्मला कसा तेही वाचून काढलं. 1965 चा उन्हाळा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोघे मित्र गोल्फ खेळून घरी आले तर पोरं कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण शटल सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि प्लास्टिकचा भोकाचा चेंडू घेऊन सुरुवात केली. चेंडू उसळत होता म्हणून नेट खाली आणलं. बार्नी मॅकॅलम नावाच्या तिसऱ्या मित्रानं प्लायवूडच्या बॅटी कापल्या. आपल्याकडे हा खेळ आणण्याचं श्रेय एका मराठी माणसाला, मुंबईच्या सुनील वालावलकरांना दिलं जातं. आणि ज्या बॅडमिंटनच्या कोर्टावर हे सगळं घडलं, त्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम 1870 च्या दशकात आपल्या पुण्यातल्या इंग्रज फौजी अफसरांनी बांधले होते. म्हणजे हा खेळ फिरून छावणीतच परत आला म्हणायचा. हे वाचल्यावर पोळपाट म्हणणं मी बंद केलं.

महिनाभर रोज जात राहिलो. आधी एम.आय. रूममध्ये डॉक्टर साहेबांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "खेळा, पण उडी नाही, मागे पळायचं नाही आणि मांडीचे व्यायाम सोडायचे नाहीत." मणिपुरी बाई मला न दुखवता शिकवायच्या. "साब, थोड़ा धीरे," एवढंच म्हणायच्या आणि स्वतः करून दाखवायच्या. चेंडू जेमतेम पंचवीस ग्रॅमचा. त्याला मारायचं नसतंच. हात सैल ठेवून समोरच्याच्या किचनमध्ये अलगद टाकायचा, इतका खाली की त्याला मारता येऊ नये. याला डिंक म्हणतात. सैल हात ठेवायला मला सहा आठवडे लागले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

एका शनिवारी हॉल भरलेला होता. आमची जोडी तीच, मी आणि लेक, समोर हवालदार साहेब आणि त्या बाई. कडेला पंधरा-वीस जवान, काहींच्या बायका-पोरं. त्या दिवशी हात चांगला बसला होता. आम्ही 10-9 वर होतो, सर्व्हिस आमची. एक पॉइंट आणि माझी पहिली जीत. चेंडू दहा-बारा वेळा इकडून तिकडे झाला आणि बाईंनी माझ्या डोक्यावरून उंच टाकला. मी वळलो, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. चेंडू मागच्या रेषेवर पडला. रेषेच्या जवळ नव्हे, रेषेवर. पिवळ्या टेपवर पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आणि मी बोट वर करून म्हणालो, "आउट."

या खेळात पंच नसेल तर आपल्या बाजूची रेष आपणच पुकारायची असते. नियम असा की चेंडू बाहेर पडल्याची पक्की खात्री असेल तरच आउट म्हणायचं, जराशी शंका असली तरी फायदा समोरच्याचा. मला शंका नव्हतीच. बाई क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "ठीक है साब." हवालदार साहेब चेंडू उचलायला वाकले. कडेच्या जवानांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मिळवले. लेक मात्र मागच्या रेषेकडे बघत उभी होती.

स्कूटरवरून घरी येताना ती एक शब्द बोलली नाही. जेवताना नेहमीसारखी जेवली. ताट उचलताना म्हणाली, "पप्पा, बॉल लाइनीवर होता." आणि बेसिनकडे गेली. सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो.

त्या रात्री मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. फायरिंग रेंजवर बट पार्टीत ज्यांनी ड्यूटी केली आहे त्यांना हे लगेच कळेल. टार्गेटच्या मागे खंदकात बसून गोळीची भोकं मोजायची असतात, आणि एखाद्याचे मार्क कमी पडत असले की पेन्सिलनं दोन भोकं पाडून त्याला पास करण्याचा मोह नेहमीच असतो. मी हवालदार होतो तेव्हा माझाच गाववाला, एका ताटात जेवणारा, नापास होत होता. त्यानं निरोप पाठवला, "भाऊ, पेन्सिल घे." मी घेतली नाही. तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण पस्तावा कधी झाला नाही. नव्या पोरांना शिकवतानाही मी ही गोष्ट सांगतो. आणि त्या दिवशी, ना नोकरी पणाला होती, ना प्रमोशन, ना कुणाचा जीव. प्लास्टिकच्या चेंडूसाठी मी पेन्सिल घेतली होती. तीही अशा माणसांसमोर, जी माझ्या खांद्यावरच्या स्टारमुळं मला उलट बोलू शकत नव्हती.

खोटं बोललो याच्यापेक्षा हे जास्त लागलं, की ते खपणार हे मला ठाऊक होतं.

रविवारी लेक खेळायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मी एकटाच गेलो. हॉलमध्ये तीच मंडळी होती. पॅडल हातात घेण्याआधी मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बहनजी, कल की आखिरी बॉल अंदर थी. मैंने गलत बोला."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, काही हरकत नाही साब, मी नीट पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मालूम है, साब."

हवालदार साहेब पायाकडे बघत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. कडेला बसलेल्या पोरांचे चेहरे पाहिले. त्यांनाही माहीत होतं. टाळ्या वाजवतानाही माहीत होतं.

"तो बोला क्यों नहीं?"

"आप साब हैं ना," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, साधं उत्तर होतं. त्यामुळं जास्त लागलं.

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी अफसरांच्या रागाला, वरिष्ठांच्या ओरड्याला तोंड दिलं आहे, पण त्या हॉलमध्ये जसा गप्प झालो तसा कधी झालो नव्हतो. मग म्हणालो, "बाहर मैं साब हूँ. इस पीली टेप के अंदर कोई साब नहीं. बॉल अंदर हो तो अंदर बोलो, मेरे मुँह पर बोलो." आणि कालचा पॉइंट परत खेळायला लावला, 10-9, सर्व्हिस आमची. लेकीच्या जागी एक लान्सनायक उभा राहिला. आम्ही 12-10 हरलो. घरी येऊन लेकीला स्कोअर सांगितला. ती म्हणाली, "उद्या येते मी." एवढंच.

बोलणं सोपं, पण सवयी लगेच जात नाहीत. पुढं आठवडाभर माझ्या बाजूला पडलेल्या प्रत्येक चेंडूवर मंडळी माझ्याकडेच बघायची. मीच जरा कडेचा चेंडू असला की "इन" म्हणत राहिलो. मग एक दिवस समोरच्या किचनजवळ मी मारलेला चेंडू बाजूच्या रेषेला लागला असं मला वाटलं. मी हात वर केला. बाईंनी मान हलवली. "नहीं साब, आउट था. इतना बाहर." आणि दोन बोटांचं अंतर दाखवलं. हॉल एकदम शांत झाला. मी म्हणालो, "पक्का?" त्या म्हणाल्या, "पक्का." मी चेंडू त्यांच्याकडे टाकला. लेक माझ्याकडे बघून हसली. पॉइंट गेला होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की पुढची सर्व्हिस मी चुकीच्या कोपऱ्यातून केली.

आता मी रोज खेळतो. दहातले चार गेम जिंकतो. गुडघा पावसाआधी अजून सांगतो, आणि पोरं अजून हसतात, पण मी ऑफिसात लपत नाही. गेल्या महिन्यात व्हॉलीबॉलच्या ग्राउंडवर पुन्हा पंच म्हणून उभा राहिलो.

माझ्यासारखे गुडघे-कंबर गेलेले वाचक बरेच असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी. आधी डॉक्टरांना विचारा. धावण्याचे बूट घालू नका, त्यांचा तळ पुढं जाण्यासाठी असतो, या खेळात बाजूला सरकावं लागतं, म्हणून बॅडमिंटन किंवा टेनिसचे बूट घ्या. डोक्यावरून चेंडू गेला तर उलट्या पावलांनी मागे पळू नका. या खेळात आपल्या वयाची माणसं बहुतेक तिथंच पडतात. अंग वळवा आणि मग जा, नाहीतर जाऊ द्या तो पॉइंट. आणि सुरुवातीलाच महागडं पॅडल घेऊ नका, साध्यावरही चुका तेवढ्याच होतात.

माझ्या पेन्शनला आता चौदा महिने उरले. मागच्या सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हा हायस्कूलच्या मैदानाकडे फिरायला गेलो. जिथं आम्ही बांबू रोवायचो तिथं आता सिमेंटचा ओटा झालाय. मी पावलांनी मोजला. लांबी भरते, रुंदी दोन पावलं कमी पडते. हेडमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, "वाढवू की साहेब, पण खेळणार कोण?" मी म्हणालो, "तीन माणसं तुम्ही शोधा. चौथा मी आहे."

जय हिंद.